डोलीला हॉर्न

नाशिक,
११ नोव्हेंबर २००१

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" एवढंच बोलतोस, मागून कोणीतरी "साहेब, फाइल" म्हणतं आणि तू फोन ठेवतोस. म्हणून पत्र. कागदावर "बघतो ताई" म्हणायला तुला निदान पाकीट आणि तिकीट तरी आणावं लागेल.

परवा आईला ब्रह्मगिरीवर घेऊन गेले होते. तिचा हट्ट तुला ठाऊक आहे. सगळा जन्म गोदावरीच्या पाण्यावर काढला आणि नदी निघते कुठून ते डोळ्यांनी पाहिलं नाही, हे ती रोज सकाळी चहाबरोबर ऐकवते. गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून त्र्यंबकला डोली केली. डोली म्हणजे वेताची खुर्ची, तिच्या दोन बाजूंना दोन बांबू, पुढे दोन माणसं आणि मागे दोन. पुढच्याचं नाव हिरामण. बोलायला मऊ होता, म्हणून मी फसले.

अर्ध्या डोंगरावर एका कठड्यापाशी त्यांनी आईला खाली टेकवलं आणि चौघं दिसेनासे झाले. मी धापा टाकत मागून पोचले, तर आई डोलीत ताठ बसलेली, बांबूच्या टोकावर एक वानर बसलेलं, आणि वानराच्या हातात आईची तपकिरीची डबी. दोघं एकमेकांना जोखत होते. मग वानराने डबी उघडली. वानर शिंकलं, आई किंचाळली, डबी दरीत गेली, आणि आता एक पायरी पुढे जाणार नाही म्हणून आईने ठाण मांडलं. अर्ध्यावरून परत. तेव्हापासून चहाबरोबर दोन गोष्टी ऐकते: नदीचं मूळ राहिलं आणि डबी गेली.

चौघं चहा ढोसायला गेले असणार, दुसरं काय. तुम्ही तिथे मंत्रालयात एवढे लोक बसला आहात. रिक्षाला नियम, टांग्याला नियम, मग या डोलीवाल्यांना काहीच नियम नको?

तुझी,
सिंधुताई


मुंबई,
३ डिसेंबर २००१

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं; एकदा भाऊ म्हणून आणि एकदा कक्ष अधिकारी म्हणून. इतकं वेळेवर पत्र आमच्या खात्यात कधी आलेलं नाही.

गेल्या अधिवेशनात यात्रेकरू वाहतूक अधिनियम मंजूर झाला. पुढच्या सिंहस्थाची तयारी. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत होतो. मंत्री उठले, बसले, कोणीतरी "मंजूर" म्हणालं. शेजारचे अवर सचिव चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवेपर्यंत कायदा झालेला होता. आहे दीड पानाचा. यात्रेकरूला कशातून न्यावं, कोणी न्यावं, कसं न्यावं? प्रत्येक कलमाच्या शेवटी उत्तर एकच: विहित करण्यात येईल त्याप्रमाणे. आणि विहित करणारं टेबल माझं.

याला प्रत्यायोजित विधिविधान म्हणतात. नावाला घाबरू नकोस. सभागृह बाजेची चौकट ठोकतं आणि सुंभ विणायचं काम आमच्याकडे देतं. तू आठवीला नागरिकशास्त्र शिकवतेस, म्हणून फायदे सांगून ठेवतो. सभागृहाला वेळ नसतो. आमदारांना डोली माहीत असेल, पण तिचा बांबू किती जाड असावा यावर त्यांनी चर्चा करत बसू नये. सिंहस्थ कोणासाठी थांबत नाही. आणि चूक झालीच, तर कायदा बदलायला अधिवेशन लागतं; नियम बदलायला मी आणि टंकलेखक पुरतो.

मसुदा रिक्षाच्या नियमांवरून घेतला आहे. भाडं, उतारू, चालक, सगळं तेच तर आहे. कुठली वाहनं या नियमांखाली येतील त्याची शेवटी यादी असते. तिच्यात रिक्षा आणि टांगा यांच्याखाली काल स्वतःच्या हाताने "डोली" लिहिलं. आईला सांग, डबीचा निकाल आता राजपत्रात लागेल.

तुझा,
वाल्मीक


नाशिक,
२० जानेवारी २००२

चि. वाल्मीक यास आशीर्वाद.

ते "डोली" खोड. आधी खोड, मग पुढचं वाच.

रविवारी हिरामण घरी आला. पत्ता कुठे मिळाला विचारलं, तर म्हणाला आजींनीच दिला होता. डोलीत बसल्यावर आजी घरचं सगळं सांगतात. पिशवीत शेतातली नागली होती आणि एक नवी पत्र्याची डबी. सोबत बुधा होता, डोलीचा मागचा खांदा. तो दारातच उभा राहून आमच्या मांजराकडे बघत बसला.

हिरामण म्हणाला, "बाई, आमी चा प्याया नव्हतो गेलो. आजीला ठसका लागला व्हता. दोघं झऱ्याचं पाणी आणाया गेलो, अन् दोघं तुमाला बघाया मागं गेले. तुमी दिसंनाच."

मी दिसणार कशी? मी तेव्हा पायऱ्या सोडून एका दगडाआड चप्पल काढून बसले होते. आई आतून ऐकत होती. ठसक्याचं मला का सांगितलं नाहीस, असं तिला विचारलं. म्हणाली, तू विचारलं कुठे, तू आल्या आल्या भांडायलाच लागलीस.

आता माझी पंचाईत बघ. दरवर्षी फळ्यावर तीन चौकोन काढते. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं, न्यायमंडळ तपासतं. तुझं पत्र आल्यापासून मधला चौकोन मला हसतो आहे. करणाराही तोच, राबवणाराही तोच, आणि त्याला माहिती पुरवणारी कोण, तर दगडाआड चप्पल काढून बसलेली बाई. फायदे तू सांगितलेस, तोटा मी सांगते: टेबलावरच्या माणसाला बहीण असते.

डोली खोडलीस की दोन ओळी टाक. तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.

सिंधुताई


मुंबई,
२ मे २००२

ती. ताईस नमस्कार.

उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. नियम राजपत्रात लागले. अंतिम. डोलीसकट.

आधी मसुदा रीतसर प्रसिद्ध केला होता, लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या होत्या. मुदतीत एकही हरकत आली नाही. तू म्हणशील, मी लिहिलं होतं. ताई, तू भावाला लिहिलं होतंस. हरकत कक्ष अधिकाऱ्याच्या नावे, आवक शाखेतून, शिक्का घेऊन यावी लागते. तुझं पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं. उपसचिवांसमोर ते काढून "आमची ताई असं म्हणते" हे सांगायचा धीर झाला नाही. एकदा खिशाकडे हात गेला होता. त्यांनी विचारलं, पेन हवं का? मी त्यांचं पेन घेतलं आणि सही केली.

अजून एक अंकुश आहे. केलेले नियम सभागृहाच्या पटलावर ठेवावे लागतात. सभागृहाला वाटलं तर ते बदलू शकतं. पटल म्हणजे खरोखरच एक टेबल. मी जाऊन पाहून आलो. आमच्या नियमांवर दुसऱ्या खात्याचे नियम होते, त्यांच्यावर तिसऱ्याचे, आणि सगळ्यांत वर कोणाचातरी पाण्याचा ग्लास.

काळजी करू नकोस. डोलीला लायसन्स आणि फिटनेसचा दाखला लागेल, एवढंच. मिळेल की.

वाल्मीक


नाशिक,
१९ जुलै २००२

चि. वाल्मीक,

फिटनेसची तपासणी झाली. मी शाळेतून अर्धी रजा टाकून बघायला गेले. अशी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नसते.

हिरामण, बुधा आणि त्यांचे दोघे सोबती डोली खांद्यावर घेऊन त्र्यंबकहून चालत आले. एसटीत कंडक्टरने घेतली नाही. वाहनात वाहन नेता येत नाही म्हणाला. तुझे नियम वाचलेला तो एकटाच माणूस असावा. तपासणीच्या मैदानात हे चौघं रिक्षांच्या रांगेत उभे राहिले. रांग सरकली की डोली खांद्यावर घ्यायचे, दोन पावलं चालायचे, पुन्हा ठेवायचे.

तपासनीस वयस्कर, थकलेला माणूस. तुझा छापील फॉर्म पुढ्यात घेऊन बसला. हॉर्न? बुधाने तोंडाने "सरका, सरका" असा आवाज काढून दाखवला. त्याने लिहिलं, कार्यरत. मागचा लाल दिवा? मागच्या दोघांपैकी एकाने लाल टोपी घालावी. चालक कोण? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्यांना चालक म्हणावं, तर वळण मागचे ठरवतात. शेवटी हिरामण चालक आणि बाकी तिघं इंजिन, असं ठरलं. मग ब्रेक. ब्रेक तपासायला वजन हवं, म्हणून तपासनीस स्वतःच डोलीत बसला. चौघं मैदानाच्या टोकापासून पळत आले, तो "थांबा" म्हणाला, ते थांबले. त्याने पुन्हा तपासायचं ठरवलं. तिसऱ्या खेपेला त्याने डोळे मिटून घेतले होते आणि "थांबा" म्हणायचं तो विसरला.

सगळं मैदान हसलं. मीही हसले. हिरामण हसला नाही.

दाखला नाकारला. धुराची नळी नसल्यामुळे धूर तपासता आला नाही. उतरताना तपासनीस हिरामणच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मी काय करू बाबा, फॉर्म वरून आलाय. वर म्हणजे कुठून, हे हिरामणने मला बाहेर आल्यावर विचारलं. मी सांगितलं नाही.

श्रावण तोंडावर आला आहे. ब्रह्मगिरीला खरी गर्दी तेव्हाच, या लोकांची वर्षाची भाकर त्याच दिवसांची. दाखल्याशिवाय कोणाला उचललं तर डोली जप्त. आणि आई रोज विचारते, मला कधी नेणार. माझ्या एका पत्राने आणि तुझ्या एका टेबलाने हे केलं आहे. आता निस्तर.

सिंधुताई


मुंबई,
७ ऑक्टोबर २००२

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

निस्तरलं. दुपारी टिपणी लिहिली, संध्याकाळपर्यंत सह्या झाल्या. सिंहस्थाची तातडी दाखवली, म्हणजे हरकती मागवाव्या लागत नाहीत. तशी सोय आहे. यादीतल्या डोलीला हात लावला नाही, खाली फक्त एक परंतुक जोडलं: "परंतु, माणसांच्या खांद्यावरून नेले जाणारे साधन हे या नियमांच्या प्रयोजनार्थ वाहन असल्याचे मानले जाणार नाही." म्हणजे लायसन्स नाही, फिटनेस नाही, लाल टोपी नाही. हिरामण पुन्हा माणूस झाला, आणि ते तिघंही.

सभागृहाकडे गेलो असतो तर पुढची दोन अधिवेशनं नुसती वाट बघण्यात गेली असती. पहिल्या पत्रातले फायदे पुन्हा वाच आणि मधल्या चौकोनाला नावं ठेवायचं सोड. उपसचिव म्हणाले, तुमचं परंतुक सुरेख उतरलंय.

आईला म्हणावं, तयारी कर. या आठवड्यात मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

वाल्मीक


नाशिक,
१४ जानेवारी २००३

प्रति,
मा. कक्ष अधिकारी यांस

विषय: यात्रेकरू वाहतूक नियमांतील परंतुकास हरकत.

महोदय,

खाली सही करणार मी, राहणार नाशिक, व्यवसाय शिक्षिका, आपल्या परंतुकास हरकत घेते. हे पत्र आवक शाखेतून शिक्का घेऊन येत आहे. ते शर्टाच्या खिशात ठेवू नये.

डोली हे वाहन नाही, असे आपण ठरवले. आपल्याच अकराव्या नियमात म्हटले आहे की, वाहनाखेरीज अन्य कोणत्याही रीतीने, मोबदला घेऊन, कोणीही यात्रेकरूस वाहून नेणार नाही. हा नियम टेम्पोच्या टपावर नाहीतर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणसे बसवणाऱ्यांसाठी असावा. टप आणि मडगार्ड यांना आपण वाहन समजत नसाल. पण डोली वाहन होती तोवर तिला दाखला मिळण्याची निदान आशा होती. आता ती वाहनच नाही, म्हणून ती सरळ बंद आहे. पहिल्या पायरीपाशी शिपाई उभा केला आहे. त्याच्या खिशात आपले परंतुक आहे, घडी घातलेले.

वाल्मीक, हे महोदय-बिहोदय मला जमत नाही. हिरामण गावात नाही. तो, त्याची बायको चतुराबाई आणि बुधा पिंपळगावला द्राक्षं तोडायला गेले. जाताना डोली आमच्या जिन्याखाली ठेवली. घरून उचलून नेतील अशी भीती. मी म्हटलं, थांब थोडा, नियम बदलतील. तो म्हणाला, "बाई, मागल्या टायमाला बी बदलले. आता नका बदलू."

आई दुपारी जिन्याखाली जाऊन त्या डोलीत बसते. स्वयंपाकघरातून तिथवर येईतो तिला धाप लागते. बसली की दोन्ही हातांनी बांबू धरते आणि डोळे मिटते. मी एकदा विचारलं, कुठवर आलीस? म्हणाली, कठड्यापर्यंत, पुढचं मला माहीत नाही ना. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्यापर्यंत बघू. या वाक्याचा अर्थ मी त्यांना विचारलेला नाही. मी या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. वर्गात चौकोन काढायचं बंद केलं आहे.

आपली विश्वासू आणि तुझी ताई,
सिंधु


मुंबई,
२८ मार्च २००३

संदर्भ: आपले दि. १४ जानेवारीचे पत्र.

ताई, तुझी हरकत पोचली. माझ्या सगळ्या नोकरीत या टेबलावर आलेली ती पहिलीच. आवक शाखेला तिचं काय करायचं कळेना. शेजारच्या कक्षातले लोक बघायला आले. एकाने विचारलं, या बाई खऱ्या आहेत का?

मला एका जागी बसवत नाही. जेवणाच्या सुट्टीत जिना उतरतो, पुन्हा चढतो. आई कुठवर आली असेल ते मोजल्यासारखा. उपसचिवांकडे दुरुस्ती घेऊन गेलो. ते म्हणाले, एका नियमाला इतक्यात पुन्हा हात लावला तर वरचे विचारतील, आधी काय करत होतात. कोणीतरी विचारायलाच हवं होतं, असं मी म्हणालो. म्हणजे मनात. सगळा तोटा इथेच आहे ताई. मी चूक करतो ती कोणाला दिसत नाही, आणि ती सुधारायला निघालो की सगळ्यांना दिसते.

मग एक वाट सापडली. दुरुस्ती नकोच, सगळे नियम नव्याने करू. त्याला कोणी नाही म्हणत नाही. नवे नियम म्हणजे कामाचा उरक. काल ते राजपत्रात आले. त्यातला पहिला नियम लगेच लागू झाला आहे. तो एवढंच सांगतो की जुने नियम रद्द. बाकीचे सगळे, शासन अधिसूचना काढून जी तारीख नेमेल त्या तारखेला लागू होतील.

ती तारीख नेमायची टिपणी माझ्या टेबलावरून निघायची आहे. मी ती काढणार नाही.

कळलं का? जुने गेले आणि नवे आलेले नाहीत. रिक्षा-टेम्पोला मोटारींचा कायदा आहेच. आमचे नियम निजले म्हणून त्यांचं काही अडत नाही. अडलं होतं ते एकट्या डोलीचं. राजपत्राची प्रत सोबत पाठवतो आहे. डोंगरावर सध्या नुसता डोंगर आहे. आईला घेऊन जा.

वाल्मीक


नाशिक,
१६ जून २००३

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

आई जाऊन आली.

हिरामण परतला होता, पण खांदा द्यायला तयार होईना. मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तारीख पडत नाही तोवर चालतंय ना? हो म्हटलं. आणि पडली की? मी म्हटलं, माझा भाऊ तिथे बसला आहे, तो पडू देणार नाही. तेव्हा तो बुधाकडे बघत म्हणाला, "भाऊ किती दिस बसंल?"

मी विषय बदलला. बदलायला मला टंकलेखकही लागला नाही.

जिन्याखालून डोली काढली. पहिल्या पायरीपाशी तोच शिपाई. त्याने खिशातून परंतुक काढलं, मी पिशवीतून राजपत्र काढलं. त्याने दोन्ही कागद शेजारी धरून ओठ हलवत वाचले. मग परंतुकाचा कोन करून शेजारच्या गाडीवरून त्यात शेंगदाणे घेतले आणि आईपुढे धरले.

कठड्यापाशी वानरं होतीच. या वेळी हिरामण एकटा पाण्याला गेला, बुधा काठी घेऊन डोलीला टेकून बसला, आणि मी चप्पल काढली नाही. कठड्याच्या पुढे गेल्यावर आईने डोळे उघडे ठेवले. एकेक वळण आलं की हं म्हणायची, कोणी हिशोब पटवून देत असल्यासारखी.

वर ढग खाली उतरले होते. नदीचं मूळ म्हणजे एक लहानसं कुंड आणि बोटभर धार. आई बराच वेळ बघत राहिली. मी पदर हातात घेऊन तयार होते. ती म्हणाली, "एवढीशी? अन् खाली किती पसारा केलाय लोकांनी." मला तुझा दीड पानाचा कायदा आठवला. मग तिने हिरामणला जवळ बोलावलं, नवी डबी उघडली आणि चिमूट पुढे केली. हिरामण शिंकला, बुधा शिंकला. आई उतरेपर्यंत हसत होती.

हे आनंदाचं पत्र म्हणून जपून ठेव. पण माझी घालमेल गेलेली नाही. तू चुकलास तेव्हा मला तुझा राग आला होता, तो सोपा होता. आता तू बरोबर आहेस, आणि एका माणसाने एक कागद पुढे सरकवला नाही म्हणून डोंगरावरच्या चुली पेटतात. वर्गात मुलांनी विचारलं, तर याला फायदा म्हणू की तोटा?

तुझी,
सिंधुताई


त्र्यंबकेश्वर,
२२ नोव्हेंबर २००९

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

निवृत्त झालो. इथे एकटाच आलो आहे, तुला न कळवता; रागावू नकोस. आई गेल्यापासून तुझ्या दारात पाऊल टाकायचं म्हटलं की पहिल्यांदा जिन्याखालची ती जागा दिसते. उद्या येतो. आधी हे लिहून मोकळं व्हायचं होतं.

शेवटच्या दिवशी टेबल ज्याच्या हवाली केलं तो रविराज नावाचा तरुण आहे. हुशार, नेटका, कोणाचं वाईट चिंतणारा नाही. त्याने सगळ्या नियमांची यादी संगणकावर केली आहे. जिथे काही राहून गेलं असेल तिथे पिवळा रंग येतो. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाला, सर, यात्रेकरू वाहतुकीच्या नियमांना तारीख नेमायची राहिलेली दिसते. टाकून देऊ?

मी त्याला डोली, वानर, डबी, लाल टोपी, सगळं सांगायला लागलो. तो अदबीने ऐकत होता, हात मात्र माउसवर होता. शेवटी मी म्हटलं, राहू दे, त्यामागे कारण आहे. त्याने विचारलं, "कारण फाइलवर आहे का, सर?"

फाइलवर तुझी हरकत आहे, पण ती रद्द झालेल्या नियमांच्या रद्द झालेल्या परंतुकाला. कारण फाइलवर नाही. ते इतकी वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात होतं, आणि तो शर्ट मी घालून घरी चाललो होतो. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "बघतो, सर."

तेव्हापासून सकाळी उठलो की आधी वाचनालय गाठतो आणि राजपत्र चाळतो. नोकरीत कधी इतकं मन लावून वाचलं नव्हतं. काल इथल्या वाचनालयातही तेच केलं आणि तसाच पायऱ्यांपाशी गेलो. नुसतं लांबून बघायचं ठरवलं होतं. हिरामण मऊ बोलण्यावरून ओळखू आला. केस पांढरे झालेत, खांद्यावर बांबूचा घट्टा आहे. मी नाव सांगितलं नाही. त्यानेच माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, तुम्ही त्या आजींचे मंत्रालयातले. तोंड थेट त्यांचंच आहे.

बुधाने विडी विझवली. बाकीचे डोलीवालेही येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता सगळं विचारतील, हॉर्नचं, धुराच्या नळीचं, त्या श्रावणाचं. हिरामणने फक्त एकच विचारलं.

"तारीख पडली का, सायेब?"

"आज सकाळपर्यंत नाही," मी म्हटलं.

त्याने वेताची खुर्ची फडक्याने पुसली आणि बांबू उचलायला वाकला.

"मंग बसा बिगीबिगी."

तुझा,
वाल्मीक